पेटुनिया लागवड: वाफ्यात आणि कुंडीत, पेरणीपासून हंगाम संपेपर्यंत

डिसेंबर उजाडला की पेटुनियाबद्दल एकच प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. "कुंडी छान भरली होती, आता शेंड्याची पाने पिवळी पडू लागली, युरिया देऊ का?" बहुतेक वेळा याचे उत्तर 'नाही' असते. पिवळेपणाचे कारण नत्राची कमतरता नसून पाण्याचा सामू असतो. अशा झाडाला युरिया दिला की वाढ आणखी बिघडते आणि हंगाम हातचा जातो. पेटुनिया हे नाजूक पीक नाही, पण त्याच्या तीन-चार गरजा टोमॅटो, मिरची, झेंडू यांच्यापेक्षा वेगळ्या आहेत. त्या माहीत नसल्याने पेरणीत बी उगवत नाही, रोपे कोलमडतात किंवा ऐन बहरात झाड पिवळे पडते. या लेखात त्या गरजा क्रमाने पाहू.

पिकाची ओळख

पेटुनिया मूळचे दक्षिण अमेरिकेतील. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे या भागात त्याच्या रानटी जाती आढळतात. बागेत दिसणारे पेटुनिया हे प्रामुख्याने दोन रानटी जातींच्या संकरातून तयार झाले. त्यांपैकी एक पांढऱ्या फुलांची, संध्याकाळी सुगंध देणारी, तर दुसरी जांभळ्या फुलांची. आजही पांढऱ्या आणि काही जांभळ्या वाणांची फुले तिन्हीसांजेला मंद वास देतात, तो गुण या पूर्वजांकडून आलेला आहे.

'पेटुनिया' हे नाव दक्षिण अमेरिकेतील स्थानिक भाषेत तंबाखूला असलेल्या शब्दावरून आले. ते योग्यच आहे, कारण पेटुनिया हे तंबाखू, टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांच्याच कुळातील आहे. हे नाते लक्षात ठेवावे, कारण त्याचे परिणाम पुढे रोग-किडींमध्ये दिसतात.

वनस्पतिशास्त्रीयदृष्ट्या हे झाड अल्पायुषी बहुवर्षायू आहे. मात्र आपल्याकडील कडक उन्हाळा आणि पावसाळा त्याला सोसत नाही. म्हणून महाराष्ट्र आणि गोव्यात ते हिवाळी हंगामी फुलझाड म्हणूनच घ्यावे.

प्रकार आणि निवड

बियाण्याच्या पाकिटावर प्रकाराचे नाव असते. रंगापेक्षा आधी प्रकार पाहावा, कारण कोणत्या जागेत काय टिकेल हे त्यावर ठरते.

- ग्रँडिफ्लोरा: फूल ८ ते १२ सें.मी. मोठे. कुंडीत उठून दिसते. मात्र पाकळ्या पातळ असल्याने पाऊस, दव आणि दमट हवा यांत फुले लवकर सडतात. आच्छादित गॅलरी, पोर्च आणि कोरड्या हवेचा पठारी भाग यासाठी योग्य.
- मल्टिफ्लोरा: फूल साधारण ५ सें.मी., पण संख्या जास्त. पाऊस-दवानंतर लवकर सावरते. वाफ्यासाठी आणि कोकणपट्टीसाठी हाच प्रकार निवडावा.
- मिलिफ्लोरा: फूल ३ सें.मी.च्या आसपास, झाड बुटके. लहान कुंड्या आणि वाफ्याच्या कडेला उपयोगी.
- पसरणारे प्रकार: फांद्या ६० सें.मी. ते १ मीटरपर्यंत पसरतात. टांगत्या कुंड्या, कठड्यावरील लांबट कुंड्या आणि जमीन झाकण्यासाठी वापरतात. यांना खत व पाणी इतरांपेक्षा जास्त लागते.

दुहेरी पाकळ्यांची फुले आकर्षक असली तरी ती जड असतात व ओली झाली की खाली झुकतात. पहिल्यांदाच लागवड करणाऱ्यांनी एकेरी मल्टिफ्लोरापासून सुरुवात करावी.

हवामान आणि हंगाम

दिवसा २० ते २८ आणि रात्री १२ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात झाड उत्तम वाढते. दिवसाचे तापमान सतत ३५ अंशांच्या वर गेले की फुले लहान होतात आणि झाड लवकर थकते. रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन हवे. सावलीत झाड उंच, लेचेपेचे होते व फुले तुरळक येतात.

गॅलरीत लागवड करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे दक्षिणमुखी गॅलरीत दिवसभर ऊन येते, तर उत्तरमुखी गॅलरीत नोव्हेंबर ते जानेवारी थेट ऊन जवळजवळ येतच नाही. उत्तरेच्या गॅलरीत पेटुनियाचा हट्ट धरू नये.

पेटुनियाच्या फुलण्यावर दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. दिवस साधारण १३ तासांपेक्षा मोठा असेल तर कळी लवकर धरते. दिवस लहान असेल तर झाड बुटके राहते, फांद्या जास्त फुटतात, पण फूल उशिरा येते. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी दिवस सुमारे ११ तासांचा असतो. म्हणूनच सप्टेंबरमध्ये पेरलेले रोप आणि ऑक्टोबरअखेर पेरलेले रोप यांच्या फुलोऱ्यात पेरणीतील अंतरापेक्षा जास्त अंतर पडते. पेरणी लांबवली की जानेवारीचा बहर हुकतो, याचे कारण हे आहे.

विभागानुसार पेरणी व लागवडीचा काळ:

- पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सातारा, सांगली, कोल्हापूर: पेरणी सप्टेंबरमध्ये, लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.
- मराठवाडा व विदर्भ: पेरणी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ऑक्टोबर हीट ओसरल्यावर लागवड.
- कोकण, मुंबई व गोवा: पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, तीही छपराखाली. लागवड नोव्हेंबरमध्ये.
- महाबळेश्वर, पाचगणीसारखा थंड घाटमाथा: पावसाळा पूर्ण संपल्यावर पेरणी. येथे उन्हाळ्यातही फुले मिळत असल्याने जानेवारीत दुसरी पेरणी करता येते.

बियाणे आणि रोपे तयार करणे

पेटुनियाचे बी अत्यंत बारीक असते. १ ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया भरतात. संकरित बियाणे बहुधा मातीचा लेप दिलेल्या गोळीच्या स्वरूपात मिळते. त्यामुळे एकेक बी ठेवणे सोपे जाते. साधे बी असल्यास ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून पसरावे.

या बियाला उगवण्यासाठी उजेड लागतो. पेरणीतील सर्वाधिक नुकसान हे न समजल्याने होते. आपल्या रोपवाटिकांत टोमॅटो-मिरचीचे प्रोट्रे भरल्यावर बी झाकतात, ट्रे एकावर एक रचतात आणि वरून काळे प्लॅस्टिक गुंडाळून ३-४ दिवस ठेवतात. पेटुनियाला ही पद्धत चालत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः ही चूक केली होती. मिरचीच्या सवयीने बियांवर कोकोपीटचा थर दिला, ट्रे रचले आणि १२ दिवस वाट पाहिली. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये जेमतेम दहा-बारा रोपे दिसली. बियाणे खराब निघाले असे समजून विक्रेत्याला बोल लावला. त्याच पाकिटातले उरलेले बी न झाकता पेरले, तेव्हा ते व्यवस्थित उगवले.

पेरणीची योग्य पद्धत अशी:

१. प्रोट्रे धुऊन घ्यावेत. बारीक, धुतलेले कोकोपीट ३ भाग आणि चाळलेले गांडूळखत १ भाग असे मिश्रण भरून ते आधीच ओले करावे.
२. प्रत्येक कप्प्यात एक बी पृष्ठभागावर ठेवावे. ओल्या टूथपिकच्या टोकाने बी सहज उचलता येते. बी दाबू नये, झाकू नये.
३. बारीक फवाऱ्याने पाणी द्यावे. गोळी स्वरूपातील बियाण्याचा लेप पूर्ण विरघळला पाहिजे. लेप अर्धवट ओला राहिल्यास आतील अंकुराला तो फोडता येत नाही.
४. ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे आणि ट्रे उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवावा. वर्तमानपत्र किंवा पाचट टाकू नये.
५. तापमान २२ ते २५ अंश असल्यास ७ ते १० दिवसांत उगवण होते. अंकुर दिसू लागताच प्लॅस्टिक काढावे.
६. उगवणीनंतर पृष्ठभाग किंचित सुकू देऊनच पुढचे पाणी द्यावे. सतत ओलसर ठेवल्यास रोपे कोलमडतात.
७. खरी पाने दिसू लागल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून आठवड्यातून एकदा द्यावे.

५ ते ६ आठवड्यांत रोपाला ५-६ पाने येतात. मुळांनी कप्पा भरला आणि रोप मुळांच्या गठ्ठ्यासह अखंड निघाले की ते लागवडीस तयार समजावे.

तयार रोपे विकत घेताना

घरच्या १०-१५ कुंड्यांसाठी तयार रोपे घेणेच परवडते. पूर्ण बहरलेले रोप घेण्याचा मोह टाळावा. बुटके, ३-४ फांद्यांचे, एक-दोन कळ्या असलेले रोप लवकर रुजते. पिशवी किंचित उलटी करून मुळे पाहावीत. ती पांढरी असावीत. तपकिरी, बुळबुळीत मुळे असलेले रोप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पानांवर वेडेवाकडे पिवळे-हिरवे डाग, वळलेले शेंडे किंवा पानांच्या मागे पांढरी माशी असेल तर ते रोप बागेत आणूच नये.

वाफ्यातील लागवड

पाण्याचा उत्तम निचरा होणारी, भुसभुशीत आणि ५.५ ते ६.५ सामू असलेली जमीन पेटुनियाला मानवते. कोकण-गोव्यातील जांभ्या जमिनीचा सामू मुळातच कमी असल्याने तेथे तो प्रश्न सहसा येत नाही. पठारावरील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि निचराही कमी असतो. अशा ठिकाणी सपाट वाफ्यात लागवड करू नये.

- १ ते १.२ मीटर रुंद आणि १५ ते २० सें.मी. उंच गादीवाफे करावेत.
- प्रति चौरस मीटर चांगले कुजलेले शेणखत ४ ते ५ किलो आणि निंबोळी पेंड १०० ग्रॅम मिसळावी. भारी जमिनीत भाताचे तूस किंवा जाड वाळू घालून माती मोकळी करावी.
- सिंगल सुपर फॉस्फेट ५० ग्रॅम आणि सल्फेट ऑफ पोटॅश २० ग्रॅम प्रति चौरस मीटर मिसळून द्यावे.
- वाफ्यात चुना किंवा लाकडाची राख टाकू नये. दोन्हींमुळे सामू वाढतो.
- मागील हंगामात ज्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता तो वाफा टाळावा. मुळकूज व सूत्रकृमींचा वारसा या पिकांकडून पेटुनियाला मिळतो.

लागवड दुपारी चारनंतर करावी. ग्रँडिफ्लोरा आणि मल्टिफ्लोरासाठी २५ ते ३० सें.मी., मिलिफ्लोरासाठी १५ ते २० सें.मी., तर पसरणाऱ्या प्रकारांसाठी ४५ ते ६० सें.मी. अंतर ठेवावे. रोप ट्रेमध्ये जेवढे खोल होते तेवढेच खोल लावावे. टोमॅटोप्रमाणे खोड मातीत गाडू नये, बुंधा कुजतो.

कुंडीतील लागवड

कुंडीतील माती हा यशाचा निम्मा भाग. बागेतील नुसती काळी माती कुंडीत कधीही भरू नये. पाणी दिल्यावर ती घट्ट बसते, वाळल्यावर कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी कडेने वाहून जाते. मुळे मात्र कोरडीच राहतात.

शिफारशीत मिश्रण (आकारमानाने):

- धुतलेले कोकोपीट ४ भाग
- गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत ३ भाग
- लाल किंवा पोयट्याची माती २ भाग
- जाड वाळू, पर्लाइट किंवा भाताचे तूस १ भाग
- प्रति १० लिटर मिश्रणास निंबोळी पेंड ५० ग्रॅम

कोकोपीटच्या विटेत क्षार असू शकतात. वीट भिजवून फुगल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळून घ्यावी. पानांच्या कडा सुरुवातीलाच करपू लागल्या तर न धुतलेले कोकोपीट हे पहिले संशयित कारण असते.

कुंडीचा आकार आणि रोपांची संख्या:

- ८ इंची कुंडी: १ रोप
- १० ते १२ इंची कुंडी किंवा टांगती टोपली: ३ रोपे
- ६० सें.मी. लांबीची आयताकृती कुंडी: ३ ते ४ रोपे
- पसरणारा प्रकार असल्यास १० ते १२ इंची टोपलीत १ ते २ रोपे पुरेशी

कुंडीला तळाशी छिद्रे हवीतच. खाली बशी असल्यास पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने बशीतले पाणी ओतून द्यावे.

पाणी व्यवस्थापन

वाफ्यात आठवड्यातून दोन ते तीन वेळा, खोलवर ओल जाईल असे पाणी द्यावे. कुंडीत वेळापत्रकाने पाणी न देता बोटाने तपासून द्यावे. वरचा २ ते ३ सें.मी. थर कोरडा लागला की तळातून पाणी निथळेपर्यंत द्यावे. टांगत्या टोपल्या वाऱ्याने लवकर सुकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना रोज पाणी लागू शकते.

पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. संध्याकाळी झाडावरून पाणी शिंपडल्यास फुले-पाने रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

दुपारी झाड मलूल दिसले म्हणून लगेच पाणी ओतू नये. माती आधी तपासावी. माती ओली असूनही झाड मलूल असेल, तर मुळे गुदमरत आहेत किंवा कुजत आहेत. तेथे आणखी पाणी देणे म्हणजे झाड मारणे होय.

खत व्यवस्थापन

पेटुनिया सतत फुलते, म्हणून त्याला थोडे थोडे पण नियमित खत लागते.

- लागवडीनंतर १० दिवसांनी: १९:१९:१९ हे खत १ ते २ ग्रॅम प्रतिलिटर, आठवड्यातून एकदा, ३ ते ४ वेळा.
- कळ्या दिसू लागल्यापासून: १३:०:४५ हे खत १ ते २ ग्रॅम प्रतिलिटर, आणि त्याआड एका आठवड्याला १९:१९:१९.
- महिन्यातून एकदा: सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण लेबलवरील मात्रेत.
- सेंद्रिय पद्धतीने करायचे असल्यास: दर १५ दिवसांनी प्रति कुंडी दोन मुठी गांडूळखत आणि १० पट पातळ केलेले व्हर्मिवॉश.

खताचे पाणी कोरड्या मातीत देऊ नये. आधी साधे पाणी द्यावे, मग खताचे. दर तीन-चार आठवड्यांनी एकदा कुंडीतून भरपूर साधे पाणी निथळू द्यावे, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. नत्र जास्त झाले तर झाड गर्द हिरवे, पसरट होते आणि फुले कमी येतात.

शेंडा खुडणे आणि फुले काढणे

रोप १० ते १२ सें.मी. उंच झाले की मुख्य शेंडा दोन-तीन सें.मी. खुडावा. फूल आठ-दहा दिवस उशिरा येते, पण फांद्या वाढल्याने फुलांची संख्या वाढते. पसरणाऱ्या प्रकारांना बहुधा शेंडा खुडण्याची गरज नसते.

सुकलेले फूल काढताना नुसत्या पाकळ्या ओढून चालत नाही. पाकळ्यांखाली असलेला हिरवा टोकदार भाग म्हणजे बोंड. ते राहिले तर बी भरू लागते आणि झाडाची ताकद तिकडे जाते. म्हणून देठासह खुडावे. हे काम आठवड्यातून दोनदा केल्यास बहर चांगला टिकतो.

जानेवारीअखेर झाड मध्ये विरळ व लांबट दिसू लागले तर सर्व फांद्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटाव्यात आणि १९:१९:१९ द्यावे. तीन ते चार आठवड्यांत दुसरा बहर येतो. सर्व कुंड्या एकाच दिवशी न छाटता दोन टप्प्यांत छाटल्यास बाग एकदम ओस पडत नाही.

पाने पिवळी पडत असतील तर आधी निदान, मग उपाय

पिवळेपणा कोठे आणि कसा आहे हे नीट पाहिल्यास बहुतेक वेळा कारण कळते.

१. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या: लोहाची कमतरता. पेटुनियातील ही सर्वांत सामान्य समस्या. मातीत लोह असतेच, पण सामू ६.५ च्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये योग्य असलेले मिश्रण असे पाणी दोन-अडीच महिने दिल्यावर हळूहळू विम्लधर्मी बनते, म्हणून लक्षणे डिसेंबर-जानेवारीत दिसतात.

२. खालची जुनी पाने एकसारखी फिकट पिवळी, वाढ मंद: नत्राची कमतरता. येथे १९:१९:१९ उपयोगी पडते.

३. संपूर्ण झाड फिकट, माती ओली, मुळे तपकिरी: जास्त पाणी किंवा मुळकूज. खत पूर्ण बंद करावे.

४. पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगांचे ठिपके-चट्टे, पाने सुरकुतलेली, फुलांचा रंग तुटक: विषाणूजन्य रोग. उपाय नाही, झाड काढून टाकावे.

लोहाच्या कमतरतेवर उपाय करताना केवळ हिराकस टाकून भागत नाही, कारण जास्त सामूच्या मातीत ते लोहही लवकरच अडकते. चिलेटेड लोह वापरावे, आणि त्यातही प्रकार पाहावा. ईडीटीए प्रकारचे लोह सामू ६.५ च्या वर मातीत फारसे टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचे लोह विम्लधर्मी मातीतही उपलब्ध राहते. ईडीडीएचए लोह अर्धा ते १ ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात मिसळून बुंध्याशी आळवणी करावी आणि पानांवर उडालेले द्रावण लगेच साध्या पाण्याने धुवावे. ८ ते १० दिवसांत नवीन पाने हिरवी निघू लागतात. जुनी पिवळी पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही, म्हणून परिणाम नव्या पानांवर तपासावा.

मूळ कारण असलेले पाणीही सुधारावे. शक्य असल्यास कूपनलिकेऐवजी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. ते शक्य नसेल तर १५ लिटरच्या बादलीत १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून सामू कागदाने तपासावा. सामू ६ च्या आसपास येईपर्यंत थोडे थोडे आम्ल वाढवावे. प्रत्येक ठिकाणच्या पाण्याला लागणारी मात्रा वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याची मात्रा वापरू नये. सामू ५.५ च्या खाली जाऊ देऊ नये. कागदाची पट्टी काही रुपयांत मिळते आणि तिने वाचवलेली एक कुंडीही तिची किंमत वसूल करते.

किडी

- मावा, पांढरी माशी, फुलकिडे: कोवळ्या शेंड्यांतून व कळ्यांतून रस शोषतात. पिवळे आणि निळे चिकट सापळे लावावेत. १०,००० पीपीएम निंबोळी अर्क २ मि.लि. प्रतिलिटर, संध्याकाळी, ७ दिवसांच्या अंतराने दोन वेळा फवारावा. पानांची मागील बाजू भिजली पाहिजे.
- घाटेअळी व पाने खाणारी अळी: कळ्यांना गोल छिद्रे आणि पानांवर काळी विष्ठा दिसते. रात्री टॉर्च घेऊन पाहिल्यास अळ्या सापडतात. कमी कुंड्या असल्यास हाताने वेचणे हाच उत्तम उपाय. प्रादुर्भाव जास्त असल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक लहान अळ्यांवर फवारावे.
- लाल कोळी: फेब्रुवारीनंतर कोरड्या हवेत पानांवर बारीक पांढुरके ठिपके व जाळी दिसते. सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. गरज पडल्यास पाण्यात विरघळणारे गंधक २ ग्रॅम प्रतिलिटर फवारावे, मात्र तापमान ३२ अंशांपेक्षा जास्त असताना नाही.
- गोगलगाय: कोकणात व ओलसर वाफ्यांत रात्रीतून रोपे फस्त करते. ओले गोणपाट ठेवून सकाळी त्याखालच्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ वाफ्यात टाकू नये.

पेटुनियाची पाने मुळातच चिकट असतात. तो कीडजन्य चिकटा समजून फवारणी करू नये.

रोग

- रोपे कोलमडणे: ट्रेमध्ये रोपाचा बुंधा मऊ होऊन रोप आडवे पडते. पाणी कमी करावे, हवा खेळती ठेवावी. पेरणीच्या मिश्रणात ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति किलो मिसळल्यास प्रतिबंध होतो. लक्षणे दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रतिलिटर आळवणी करावी.
- मूळ व बुंधा कुजणे: निचरा न झाल्याने होते. बाधित झाड मातीसह काढावे. शेजारच्या झाडांचे पाणी तोडावे.
- राखाडी बुरशी: दमट, ढगाळ हवेत पाकळ्यांवर पाणीदार डाग पडतात व नंतर राखाडी बुरशी वाढते. सडलेली फुले रोज काढावीत. कुंड्यांमध्ये अंतर वाढवावे.
- भुरी: पानांवर पांढरी पावडर दिसते. पाण्यात विरघळणारे गंधक २ ग्रॅम प्रतिलिटर फवारावे.
- मोझॅक विषाणू: तंबाखूवरील हा विषाणू हातांनी पसरतो. तंबाखू, मिश्री, बिडी, सिगारेट हाताळलेल्या हातांनी रोपे लावल्यास किंवा शेंडे खुडल्यास तो झाडात जाऊ शकतो. रोपवाटिकेत काम करणाऱ्यांनी रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे सक्तीचे करावे. खुडणी करताना अधूनमधून स्निग्धांशरहित दुधाच्या भुकटीच्या द्रावणात, म्हणजे १०० मि.लि. पाण्यात २० ग्रॅम भुकटी, हात व कात्री बुडवावी. दुधातील प्रथिनांमुळे विषाणूचा प्रसार रोखला जातो.

रासायनिक औषधे वापरताना लेबल वाचावे, हातमोजे व मास्क वापरावा. गॅलरीत शक्यतो जैविक उपायांवरच भर द्यावा.

बियाणे राखणे आणि छाट कलमे

बाजारातील बहुतेक पेटुनिया एफ-१ संकरित असतात. त्यांचे बी राखून पेरल्यास मूळ रंग व आकार मिळत नाही. फुले लहान, फिकट जांभळी, गुलाबी किंवा पांढरी येतात. घरच्या हौसेसाठी हरकत नाही, पण विक्रीसाठी असे बी वापरू नये. ग्राहकाने लाल रंग मागितला आणि कुंडीत जांभळा उमलला तर पुढच्या वर्षी तो येत नाही.

आवडलेला वाण टिकवायचा असेल तर निरोगी, कळी नसलेल्या शेंड्याचे ५ ते ७ सें.मी. लांबीचे तुकडे घेऊन खालची पाने काढावीत आणि ओलसर कोकोपीट-पर्लाइटमध्ये सावलीत लावावेत. दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. मातृवृक्षाला विषाणू असेल तर तो प्रत्येक कलमात जातो, म्हणून संशयित झाडाची कलमे घेऊ नयेत.

छोट्या रोपवाटिकेसाठी नियोजन

पुण्यातील एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतही हिवाळ्यात उद्यान प्रदर्शन असते. या काळात फुललेल्या कुंड्यांना मागणी असते. त्यासाठी तारीख उलटी मोजावी. पेरणीपासून लागवडीयोग्य रोपापर्यंत ५ ते ६ आठवडे आणि तेथून लहान दिवसांत फुलापर्यंत ६ ते ८ आठवडे धरावेत. म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बहरलेली कुंडी हवी असल्यास पेरणी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरकली पाहिजे. उशीर झालाच, तर रात्री १० ते २ या वेळेत रोपांवर एलईडी दिवे लावून फुलोरा लवकर आणता येतो.

१,००० बियांच्या पाकिटासाठी ९८ कप्प्यांचे ११ ट्रे लागतात. उगवण व मर धरून पहिल्या वर्षी ७०० ते ७५० विक्रीयोग्य कुंड्यांचाच हिशेब करावा. सर्व बी एकाच दिवशी पेरू नये. १० दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत पेरल्यास एखादा टप्पा फसला तरी हंगाम हातात राहतो आणि मालही टप्प्याटप्प्याने तयार होतो.

हंगाम संपताना

मार्चअखेर ते एप्रिलमध्ये पठारी भागात झाडे थकतात. निरोगी झाडे कंपोस्ट खड्ड्यात टाकावीत. विषाणूग्रस्त व मुळकूज झालेली झाडे कंपोस्टमध्ये न टाकता नष्ट करावीत. कुंडीतील माती उन्हात पातळ पसरून पारदर्शक प्लॅस्टिकखाली ४ ते ६ आठवडे तापवावी. एप्रिल-मे हा त्यासाठी उत्तम काळ आहे. पुढे त्यात निम्मे नवीन मिश्रण घालून झेंडू किंवा पालेभाजी घ्यावी. टोमॅटो, मिरची किंवा वांगी लगेच लावू नये. वापरलेल्या पाण्याचा व मातीचा सामू किती होता आणि पिवळेपणा कोणत्या आठवड्यात दिसला याची नोंद वहीत करून ठेवावी. पुढच्या सप्टेंबरमध्ये पेरणी करताना ती नोंद कोणत्याही खतापेक्षा जास्त उपयोगी पडते.